दूध पचत नाही, मग कोणाचं प्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४१, मूळ कोल्हापूरचे, आता पुण्यात. लहानपणी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पेलेच्या पेले रिचवलंत, कधी काही झालं नाही. वर्षभरापूर्वी जिम सुरू केली आणि सकाळी उपाशीपोटी ३०० मिली म्हशीचं दूध, त्यात प्रोटीन पावडर, असा नेम धरला. तेव्हापासून तासा-दीड तासात पोट फुगतं, गुरगुरतं आणि ऑफिसच्या वाटेवर शौचाला लागते. दिवसातले तीन चहा मात्र चालतात. दहीभातही चालतो. कोजागिरीला मसाला दूध प्यायलात आणि रात्रभर झोप नाही. सासूबाई म्हणतात गीर गायीचं ए-टू दूध घ्या, मित्र म्हणतो शेळीचं, जिमचा ट्रेनर म्हणतो बदामाचं. कोणतं घेऊ? आणि शेवटी एक ओळ: सहा वर्षांच्या मुलीचंही दूध बंद करू का?

मी आहारतज्ज्ञ आहे, पुण्यातच काम करते, आणि पोटाच्या तक्रारी घेऊन येणारे बरेच लोक हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. ‘कोणतं दूध?’ असं विचारताना त्यांच्या मनात कोणत्या जनावराचं, असं असतं. तुमच्याच प्रश्नातल्या तीन गोष्टी पुन्हा वाचा: चहा चालतो, दही चालतं, पेलाभर दूध चालत नाही. तिन्ही एकाच पातेल्यातलं म्हशीचं दूध आहे. जनावर तेच, घरही तेच, फक्त एका वेळी पोटात जाणारं प्रमाण आणि दुधाचं रूप बदललंय. मला तरी तुमचं अर्धं उत्तर तिथेच दिसतं.

आधी एक सांगून ठेवते. मी तुम्हाला तपासलेलं नाही. तुमची इतर औषधं, आधीचे आजार, वजनातला फरक मला ठाऊक नाही. त्यामुळे पुढचं सगळं ‘बहुधा’ या शब्दासकट वाचा. कोणत्या खुणा दिसल्या तर हे बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं, तेही खाली लिहिलंय.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती आतड्यात जशीच्या तशी शोषली जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरावर लॅक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते लॅक्टोजचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करतं आणि मग ते रक्तात जातात. लॅक्टेज कमी असेल तर न फुटलेलं लॅक्टोज तसंच पुढे मोठ्या आतड्यात उतरतं. जाताना पाणी ओढून घेतं, म्हणून शौच पातळ होते. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या बाबतीत मिथेन तयार होतो, म्हणून पोट फुगतं आणि गुरगुरतं. प्यायल्यापासून अर्ध्या तासापासून ते दोन-तीन तासांपर्यंत हा त्रास सुरू होतो. तुमचं वेळापत्रक यात चपखल बसतं.

‘पण लहानपणी पचायचं’ हे जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, आणि ते खरंच असतं. अंगावर पिणाऱ्या बाळात लॅक्टेज भरपूर असतं. अंगावरचं दूध सुटल्यावर जगातल्या बहुतेक माणसांत ते हळूहळू उतरत जातं. काहींचं दहाव्या वर्षी, काहींचं विशी-तिशीत लक्षात येतं. मोठेपणीही लॅक्टेज टिकवणारा जनुकीय बदल काही लोकसमूहांत जास्त आहे. भारतात वायव्येकडे, म्हणजे पंजाब-राजस्थानच्या बाजूला, तो अधिक सापडतो आणि आग्नेयेकडे जावं तसा कमी होतो. आपण मध्ये कुठेतरी. म्हणून एकाच घरात एक भाऊ तांब्याभर दूध पितो आणि दुसऱ्याला कपभर जड जातं. यात कुणाचा कोठा मजबूत नि कुणाचा नाजूक असं काही नसतं, आणि तालमीत जायला लागलं म्हणून लॅक्टेज परत वाढतही नाही.

शिवाय मधली वीस वर्षं तुम्ही बहुधा दूध असं प्यायलाच नाहीत. चहातून आणि दह्यातून घेत होतात. मग एके दिवशी उपाशीपोटी एकदम ३०० मिली. त्रास वर्षापूर्वी सुरू झाला असं तुम्हाला वाटतं, पण वर्षापूर्वी सुरू झाला तो पेला. लॅक्टेज त्याच्या कितीतरी आधी उतरलं असणार.

आता आकडे मांडू, कारण यात आकड्यांनी बराच गोंधळ मिटतो. गायीच्या किंवा म्हशीच्या १०० मिली दुधात साधारण पावणेपाच ते पाच ग्रॅम लॅक्टोज असतं. म्हणजे तुमच्या सकाळच्या पेल्यात १४-१५ ग्रॅम. एका चहात ४०-५० मिली दूध धरलं तर दोन-अडीच ग्रॅम, आणि तीन चहा दिवसभरात विखुरलेले. लॅक्टेज कमी असणाऱ्या बहुतेक प्रौढांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण एक कप दुधाएवढं लॅक्टोज फारशा त्रासाशिवाय झेपतं, जेवणासोबत घेतलं तर त्याहूनही बरं. तुम्ही नेमके त्या रेषेच्या पलीकडे, तेही रिकाम्या पोटी. कोजागिरीला काय झालं असेल तेही यातून कळतं. मसाला दूध आटवलेलं असतं. पाणी उडतं, लॅक्टोज पातेल्यातच राहतं. पेलाभर मसाला दुधात दीड पेला दूध सहज असतं. वाटीभर बासुंदीचं तर याहून जास्त. जायफळ, केशर, सुंठ यांनी चव येते, लॅक्टोज हलत नाही. उकळूनही ते मोडत नाही. पाणी घालून दूध पातळ केलं तर पेल्यात दूध कमी आलं म्हणून बरं वाटतं, पाण्यात काही गुण आहे म्हणून नव्हे.

आता सासूबाईंच्या सल्ल्याकडे येते. त्या चुकीच्या हेतूने सांगत नाहीयेत, बाजारात तेच ऐकू येतं. ए-वन आणि ए-टू हा फरक दुधातल्या बीटा-केसीन या प्रथिनाचा आहे. त्या प्रथिनाच्या साखळीत ६७ व्या जागी ए-टू मध्ये प्रोलीन असतं, ए-वन मध्ये हिस्टिडीन. या एका फरकामुळे ए-वन पचताना बीसीएम-७ नावाचा तुकडा जास्त सुटतो, आणि त्याने काहींच्या पोटाला त्रास होतो असं म्हटलं जातं. काही छोट्या अभ्यासांत ए-टू दूध पिणाऱ्यांना पोटाची अस्वस्थता कमी जाणवल्याचं दिसलंय. पण युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये तोवरचा पुरावा तपासला तेव्हा बीसीएम-७ मुळे आजार होतात असा संबंध काही सिद्ध झाला नाही. आपल्याकडे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये पाकिटांवरचे ए-वन, ए-टूचे दावे काढून टाका असा आदेश काढला आणि आठवड्याच्या आतच तो मागेही घेतला. यावरून हा वाद किती गुंतलेला आहे ते कळेल.

पण तुमच्या बाबतीत या वादात शिरायचीही गरज नाही. म्हशीचं दूध मुळात ए-टूच असतं! गीर, खिल्लार, देवणी, डांगी या देशी गायींत ए-टू प्रामुख्याने असतं, आणि म्हशीतही. ए-वन मुख्यतः होल्स्टिन किंवा जर्सीसारख्या परदेशी जातींत आणि त्यांच्या संकरांत सापडतं. तुम्ही वर्षभर जे पिऊन त्रास काढताय ते ए-टूच दूध आहे. गीर गायीच्या दुधात लॅक्टोज तुमच्या म्हशीच्या दुधाइतकंच भरतं. लिटरला शंभराच्या वर मोजून तुम्ही तेच लॅक्टोज विकत घेणार. मग ‘आम्हाला फरक पडला’ म्हणणारे खोटं बोलतात का? तसं नाही. माझ्याकडे आलेल्या अशा लोकांना मी एक प्रश्न नेहमी विचारते: आधी किती प्यायचात, आता किती? बाटलीतलं महागडं दूध कुणी पेलाभर ओतत नाही, कपभर घेतो, आणि बहुतेक वेळा नाश्त्यासोबत. खरा बदल तिथे झालेला असतो. शिवाय म्हशीच्या दुधात साडेसहा-सात टक्के किंवा त्याहून जास्त स्निग्धांश असतो, गायीच्यात साधारण चार. ज्यांना लॅक्टोजपेक्षा जडपणाचा, ढेकरांचा, मळमळीचा त्रास होतो त्यांना म्हशीवरून गायीवर आल्यावर खरोखर हलकं वाटू शकतं. मात्र तुमची लक्षणं फुगणं, गुरगुरणं आणि पातळ शौच अशी आहेत. ती स्निग्धांशाची वाटत नाहीत.

शेळीच्या दुधाबद्दल एवढंच की त्यातले स्निग्धांशाचे कण बारीक असतात, पोटात त्याचं दही मऊ जमतं, म्हणून काहींना ते हलकं लागतं. लॅक्टोज किंचित कमी, पण चार-साडेचार टक्के असतंच. उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळीचं ताजं दूध घरी मिळत असेल तर आवडीने प्या, पण ३०० मिली प्यायलात तर पोट तुम्हाला ओळख दाखवेल. ‘गांधीजी प्यायचे’ हा दाखला मला वरचेवर ऐकायला मिळतो. त्यांनी दूध सोडण्याचं व्रत घेतलं होतं. आजारपणानंतर, त्या व्रतात गाय-म्हैस मनात होती अशी पळवाट काढून ते शेळीच्या दुधावर आले. पचनाचा संबंध नव्हता. उंटिणीच्या दुधाची पावडरही आता ऑनलाइन मिळते. त्यातही लॅक्टोज आहे, आणि किंमत पाहून आधी पोट नव्हे, खिसाच तक्रार करेल.

धारोष्ण दुधाचं एक राहिलं. कच्च्या दुधात लॅक्टोज पचवणारं काही ‘जिवंत’ असतं असा एक समज आहे. तसं नाही, लॅक्टोज तेवढंच असतं. आणि न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा तापाचा आजार किंवा जनावरांचा क्षय अंगावर येऊ शकतो. कट्ट्यावरच्या आठवणी ठेवा, पण आता दूध तापवूनच घ्या.

दही, ताक, पनीर, खवा यांच्याकडे मी तुम्हाला जास्त लक्ष द्यायला सांगेन, कारण यात आपल्या स्वयंपाकघराने हा प्रश्न कधीचाच बराचसा सोडवून ठेवलाय. विरजण लावलं की जिवाणू लॅक्टोज खाऊन त्याचं लॅक्टिक आम्ल करतात. रात्री लावलेल्या दह्यात सकाळपर्यंत साधारण पाव हिस्सा लॅक्टोज कमी होतं, जास्त आंबट होईल तसं आणखी थोडं. पण दही पचण्याचं मोठं कारण वेगळं आहे. त्या जिवाणूंजवळ लॅक्टोज फोडणारं स्वतःचं विकर असतं, आणि ते पोटातून वाचून लहान आतड्यात पोचतं, तिथे उरलेलं लॅक्टोज फोडायला मदत करतं. शिवाय दही घट्ट असल्याने जठरातून हळू पुढे सरकतं. म्हणून दुधाने त्रास होणाऱ्या माणसाला वाटीभर दही बिनतक्रार पचतं. एक बारीक गोष्ट: कढीत हे जिवाणू उकळून मरतात, त्यामुळे दह्याचा तो दुसरा फायदा कढीत उरत नाही. तरीही कढीत दही थोडं, पाणी जास्त, म्हणून ती बहुधा सोसते. बाजारच्या काही दह्यांत घट्टपणासाठी दूध पावडर घातलेली असते. पाकिटाच्या मागे बघा.

ताक तर सगळ्यात सोपं. तीन-चार चमचे दही घुसळून पेलाभर पाणी घातलं, मीठ, जिरेपूड, किसलेलं आलं आणि चिमूटभर हिंग टाकला की लॅक्टोज एखाद-दोन ग्रॅमच्या घरात. पनीरमध्ये बरंचसं लॅक्टोज फाटलेल्या दुधाच्या निवळीबरोबर निघून जातं, तसंच चक्का टांगल्यावर. म्हणून श्रीखंड लॅक्टोजच्या बाबतीत बासुंदीपेक्षा सौम्य, साखरेच्या बाबतीत मात्र नाही. साजूक तुपात लॅक्टोज जवळपास नसतंच. जुनं, कडक चीज म्हणजे चेडार वगैरे, त्यातही नगण्य.

उलट बाजूला खवा. दूध आटून आटून उरलेला घट्ट गोळा, त्यामुळे लॅक्टोज त्यात एकवटलेलं. एक पेढा खाल्ला तर तीनेक ग्रॅम, पण सणाला चार पेढे, वर बर्फी आणि जेवणात रबडी झाली तर हिशोब पेल्याच्या पुढे जातो. दूध पावडरमध्ये तर एक तृतीयांशाहून जास्त लॅक्टोज असतं, आणि ती बिस्किटं, चॉकलेट, चहाची प्रिमिक्स, माल्ट पेयं अशा ठिकाणी लपलेली असते. मशीनचा चहा काहींना त्रास देतो आणि घरचा देत नाही, त्यामागे हे असू शकतं.

तुमच्या प्रोटीन पावडरचा डबाही उलटून बघा. ती व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची असते. व्हे कॉन्सन्ट्रेट असेल तर त्यात थोडं लॅक्टोज असतं, आयसोलेटमध्ये, म्हणजे जास्त शुद्ध केलेल्या प्रकारात, फारच कमी. एका स्कूपमध्ये एक-दोन ग्रॅम, म्हणजे एकट्याने फार नाही, पण १५ ग्रॅमच्या वर जाऊन बसतं. काही पावडरींत गोडीसाठी घातलेले पदार्थही वायू धरवतात. पावडर पाण्यातून घेऊन बघा, दोन दिवसांत कळेल.

आता लॅक्टोज-फ्री दूध. हे खरं दूधच असतं, फक्त कारखान्यात त्यात लॅक्टेज घालून लॅक्टोज आधीच फोडलेलं असतं. प्रथिनं, कॅल्शियम, बी-१२ सगळं जागच्या जागी. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज सुटे झाल्यामुळे ते गोड लागतं. साखर वरून घातलेली नसते. मधुमेह असेल तर मात्र लक्षात ठेवा, कर्बोदकं नेहमीच्या दुधाएवढीच आहेत. त्याचं दही लागतं, खीर होते. आटवायला गेलात तर नेहमीच्या दुधापेक्षा लवकर बदामी रंग धरतं, कारण सुट्या साखरा प्रथिनांशी अधिक पटकन करपतात. बासुंदी करत असाल तर आच मंद ठेवा आणि पातेल्यापासून हलू नका.

या दुधाचा मला सगळ्यात मोठा उपयोग वाटतो तो निदानासाठी. दोन आठवडे दूध, खवा, आइस्क्रीम बंद ठेवा. दही-ताक आणि तूप चालू दे. बाकी खाणं बदलू नका, नाहीतर गहू, कांदा किंवा डाळ कमी केल्याचं श्रेय दुधाला जाईल. पोट शांत झालं की घरातल्या कुणाला तरी सांगा: सकाळी एकाच मापाचा पेला द्या, कधी साधं दूध, कधी लॅक्टोज-फ्री, आणि मला सांगू नका कोणतं. साध्यात थोडी साखर घालायची म्हणजे चवीने ओळखू येत नाही. तुम्ही फक्त वहीत लिहायचं: प्यायलो किती वाजता, पोटाचं काय, शौच कशी. काही दिवसांनी वही आणि घरच्यांची यादी शेजारी ठेवा. त्रास फक्त साध्या दुधाच्या दिवशी असेल तर लॅक्टोज हेच कारण. दोन्ही दिवशी असेल तर लॅक्टोज निर्दोष. मग प्रथिनाचा, स्निग्धांशाचा, आतड्याच्या संवेदनशीलतेचा किंवा सकाळच्या घाईचा विचार करायचा. दुधाची भीती बसलेल्या माणसाचं पोट नुसत्या विचारानेही गुरगुरतं, म्हणून ही लपवाछपवी. माझ्या अनुभवात यातून बऱ्याच लोकांचा दुधावरचा आरोप गळून पडतो.

कागदावर उत्तर हवं असेल तर हायड्रोजन ब्रेथ टेस्ट होते. रात्रभर उपाशी राहून २५ किंवा ५० ग्रॅम लॅक्टोजचं पाणी पितात आणि ठरावीक अंतराने श्वासातला हायड्रोजन मोजतात. तो मूळ पातळीपेक्षा २० पीपीएमने (दहा लाख भागांत २० भाग) वर गेला की लॅक्टोज पचत नाही असं धरतात. आधीच्या महिनाभरात प्रतिजैविकं घेतली असतील तर निकाल फसवा येतो. आणि हे लक्षात घ्या की टेस्टमध्ये एका दमात जेवढं लॅक्टोज देतात तेवढं आपण रोजच्या जेवणात घेत नाही. टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून चहातलं दूध सोडायचं कारण नाही.

लॅक्टेजच्या गोळ्याही औषधांच्या दुकानात मिळतात. लग्नात बासुंदी खायचीच आहे अशा दिवशी त्या उपयोगी. पहिल्या घासाबरोबर घ्यायची, नंतर घेतली तर उशीर झालेला असतो.

ट्रेनरच्या बदामाच्या दुधाविषयी. वनस्पतीजन्य ‘दुधांत’ लॅक्टोज नसतंच, त्यामुळे त्या त्रासातून सुटका होते हे खरं. पण तुम्ही दूध पिताय प्रथिनांसाठी. दहा बदामांचं वजन साधारण बारा ग्रॅम, त्यात प्रथिनं अडीच ग्रॅम. तुमच्या ३०० मिली म्हशीच्या दुधात अकराच्या आसपास. पॅकेटमधल्या बदाम दुधात तर बदाम दोन-चार टक्केच आणि बाकी पाणी. कॅल्शियम वरून घातलेलं आहे का ते बघावं लागतं, घातलेलं असलं तर ते तळाशी बसतं म्हणून पॅकेट हलवून ओतायचं. सोयाचं दूध प्रथिनांत खऱ्या दुधाच्या जवळ जातं, पण अख्ख्या सोयाबीनपासून केलेल्यात वायू धरणारी कर्बोदकं असतात. ज्याचं पोट आधीच संवेदनशील त्याला ते लॅक्टोजइतकंच छळतं. ओटचं दूध कॉफीत छान लागतं, त्यात पिष्टातून सुटलेली माल्टोज साखर असते, प्रथिनं कमी. नारळाच्या दुधाची सोलकढी करावी, ग्लासभर पिण्याचं ते दूध नाही.

आणि दूध पूर्ण सोडणार असाल तर कॅल्शियमचा हिशोब लावा. प्रौढाला रोज सुमारे १००० मिग्रॅ लागतं, १०० मिली दुधातून १२० च्या आसपास मिळतं. नाचणीची एक मोठी भाकरी पावणेदोनशेच्या जवळ देते, तीळ, काट्यांसकट खाल्लेली मांदेली, सुकट, पालेभाज्या यांची भर पडते, जरी तिळातलं आणि पालकातलं सगळंच शोषलं जात नाही. शाकाहारी असाल तर बी-१२ चा प्रश्न याहून मोठा आहे, कारण तुमच्या ताटात तो मुख्यतः दूध-दह्यातूनच येतो. दूध सोडून वर्षभराने हातापायाला मुंग्या आणि थकवा घेऊन आलेली माणसं मी पाहिलीत. दही-ताक-पनीर ठेवलंत तर ही शक्यता बरीच कमी होते.

मग तुम्ही काय करायचं? माझा सल्ला साधा आहे. सकाळचा ३०० मिलीचा पेला बंद. त्याऐवजी पोहे-उपम्यासोबत १०० मिली दूध, किंवा व्यायामानंतर मोठी वाटी दही. पावडर पाण्यातून. पंधरा दिवसांनी दूध १५० पर्यंत न्या, पोट शांत असेल तर २०० पर्यंत. रोज थोडं थोडं घेत राहिलं की मोठ्या आतड्यातले जिवाणूही जुळवून घेतात आणि वायू कमी धरू लागतो. लॅक्टेज वाढत नाही, पण सोसण्याची मर्यादा वाढते. पेलाभर दूध हवंच असेल तर लॅक्टोज-फ्री. गीर गायीचं हौसेने घ्यायला माझी हरकत नाही, पोटाचं औषध म्हणून घेऊ नका.

पुढची लक्षणं असतील तर मात्र आधी पोटविकारतज्ज्ञांकडे: वजन उतरणं, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, रक्तक्षय, किंवा दूध पूर्ण बंद करूनही तसाच राहिलेला त्रास. मोठा जुलाबाचा आजार होऊन गेल्यावर काही आठवडे लॅक्टोज तात्पुरतं पचत नाही, ते आपोआप सुधारतं. सिलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारी इजा), जियार्डिया (आतड्यातल्या परजीवीचा संसर्ग) यांसारखे आजारही मागे असू शकतात, ते शोधावे लागतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन सुरू असेल तर पातळ शौचाचा आरोप दुधावर ठेवण्याआधी डॉक्टरांशी बोला. आणि दूध घेतल्यावर अंगावर गांधी, ओठ-चेहऱ्याला सूज, घरघर असं काही होत असेल तर ती ॲलर्जी आहे, प्रथिनाची. तिथे लॅक्टोज-फ्री दूध कामाचं नाही, शेळीचं-म्हशीचंही नाही, कारण त्यांची प्रथिनं गायीच्या दुधासारखीच असतात.

मुलीबद्दल. तिला काही त्रास होत नसेल तर दूध बंद करायचं काहीच कारण नाही. तुमचं लॅक्टेज उतरलं म्हणजे तिचंही उतरेलच असं नाही, आणि उतरलं तरी ते बहुधा पुढे कधीतरी. तिची हाडं आत्ता वाढतायत. ती जेवढं आवडीने पिते तेवढं पिऊ दे, बळजबरीने मोठा पेला संपवायला लावू नका. पुढे कधी दूध प्यायल्यावर पोट दुखतं म्हणू लागली तर ते नखरे समजू नका. कप लहान करा आणि डब्यात दहीभात द्या.